चिनी पंख्यावरची अक्षरं: फ्रेम करू की वारा घेऊ?

चाकण_रिटर्न
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, चूकभूल पोटात घाला.

कंपनीने मला तीन वर्षं चीनमध्ये सूझोउला पाठवलं होतं. तिथल्या स्टोअरला एक वयस्कर गृहस्थ होते, रिटायर होऊन पुन्हा कॉन्ट्रॅक्टवर आलेले. माझं चिनी "हे किती" आणि "तिखट नको" एवढंच, त्यांचं इंग्रजी शून्य, तरी आमचं जमायचं. रविवारी कालव्याकाठच्या बागेत हे बाबा काठीएवढा लांब ब्रश बादलीतल्या पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं काढताना दिसायचे. ओळ संपेपर्यंत पहिलं अक्षर वाळून गेलेलं असायचं, मी आपला चहा घेऊन बघत बसायचो.

परत यायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला घडीचा कागदी पंखा दिला. बांबूच्या काड्या, एका बाजूला चार मोठी अक्षरं, डावीकडे बारीक अक्षरांच्या ओळी आणि लाल शिक्का. दुसरी बाजू पूर्ण कोरी.

आता घरात तीन पक्ष झालेत. बायको म्हणते हॉलमध्ये फ्रेम करून लावू. आई इन्व्हर्टर बंद पडला की तोच घेऊन बसते (तिच्या मते वारा चांगला लागतो). आणि ऑफिसातला एक जण म्हणाला की चिनी लोकांत पंखा देणं म्हणजे "आता आपला संबंध संपला". ते ऐकून जरा वाईट वाटलं. मोबाईलवरच्या भाषांतराने बारीक ओळीचा अर्थ "कृपया दुरुस्ती करा" असा दिला, म्हणजे पंख्यात काही चूक आहे का तेही कळेना.

फ्रेम करावा का? किंमत असते का याला? आणि दुरुस्ती काय करू?

चकली_सम्राट
मी पयला! काकू बरोबर आहेत. पंखा वाऱ्यासाठी असतो. धागा संपला.

शाईचा_डाग
सम्राट, बसा खाली. धागा आत्ता सुरू झालाय.

चाकणभाऊ, मी सुलेखन करतो, देवनागरी मुख्यतः, पण चिनी ब्रशवर पाच-सहा वर्षं हात घासलाय. आधी हाताने लिहिलंय की छापलंय ते बघा. साधं भिंग घ्या. छापील असेल तर रंगाचे ठिपके दिसतील आणि काळा रंग सगळीकडे सारखा असेल. हाताचं असेल तर एकाच अक्षरात शाई कुठे दाट, कुठे कोरडी आणि फाटलेली दिसते, आणि घडीच्या कंगोऱ्यावर ब्रश किंचित अडखळलेला दिसतो. शिक्क्याची लाल शाई तेलात मळलेली असते, ती कागदाच्या वर थोडी उचलून बसते.

तो कंगोरा फार महत्त्वाचा आहे. साध्या कागदावर चांगलं लिहिणारे पंख्यावर गडबडतात, मी तर रडलोय. वर कमान मोठी, खाली चिंचोळी, त्यामुळे उभ्या ओळी खाली येत येत एकमेकींच्या अंगावर पडायला लागतात. त्यावर जुना तोडगा म्हणजे एक ओळ लांब, पुढची आखूड, परत लांब, म्हणजे खाली गर्दी होत नाही. किंवा चारच मोठी अक्षरं वरच्या रुंद भागात उजवीकडून डावीकडे मांडायची आणि सही डावीकडे बारीक. तुमच्या बाबांनी हेच केलेलं दिसतंय. शिवाय मिंग काळात (चौदावं ते सतरावं शतक) सोनेरी कागदाच्या पंख्यांची फॅशन होती, दिसायला राजेशाही, पण त्यावर शाई मुरतच नाही, वर तरंगते. तिथे हात जरा थांबला की डबकं.

फोटो टाका ना स्पष्ट. फ्रेमचं नंतर बोलू, त्यावर मला बरंच बोलायचंय.

तिरकस_गजकर्ण
एवढं कौतुक कशाला? मुळात घडीचा पंखा ही साहेबांच्या टायसारखी चीज आहे. उकाडा कमी व्हायचा तेवढाच होणार, पण हातात असला की मी शेतात राबत नाही, मला दोन ओळी वाचता येतात आणि माझी बड्या माणसाशी ओळख आहे, हे समोरच्याला न बोलता कळतं. बाकी कला वगैरे नंतर चिकटवलेलं.

लेकुरवाळी_हांगझोउ
नमस्कार, नवऱ्याच्या नोकरीमुळे नऊ वर्षं हांगझोउला आहे, तर थोडं सांगते.

चाकणदादा, संबंध संपल्याची भीती काढून टाका. ते आहे, पण सगळीकडे नाही. पंख्याला "शान" म्हणतात आणि पांगणं, वेगळं होणं याला "सान", म्हणून काही ठिकाणी पंखा भेट देत नाहीत. तैवानकडे तर म्हणच आहे की पंखा दिला की पुन्हा गाठ नाही. पण त्याच "शान" उच्चाराचा दुसरा शब्द म्हणजे भलेपणा, चांगुलपणा. तुमच्या सूझोउमध्ये शेकडो वर्षं लेखक-चित्रकार मंडळी एकमेकांना पंखे लिहून देत आलीत, तिथला माणूस पंखा देतो तेव्हा तो तुम्हाला त्या रांगेत बसवतोय असं समजा. आपल्याकडे नाही का, रुमाल दिला की भांडण होतं म्हणून एक रुपया घेतात, आणि तरी लग्नात रुमालाचे बॉक्स वाटतात!

आमच्या इथे गोंगचन पुलाजवळ कालव्याच्या काठी पंख्यांचं म्युझियम आहे, २००९ साली सुरू झालेलं, सासूबाई आल्या की मी त्यांना तिथे नेते, एसी चांगला आहे. आणि वांगशिंगजी म्हणून १८७५ पासूनची पंख्यांची पेढी आहे. त्यांचे काळे कागदी पंखे प्रसिद्ध, कागदाला कच्च्या तेंदूसारख्या एका फळाचा (पर्सिमनचा) रस चोपडतात त्यामुळे पाणी लागत नाही, एकीकडे वारा घ्या आणि पाऊस आला की डोक्यावर धरा.

आणि गजकर्ण, आता कुठला रुबाब हो, बागेतले पेन्शनर आणि दुपारी पत्ते खेळणारे सगळे पंखा घेऊन असतात. बीजिंगच्या राजवाडा म्युझियमच्या दुकानात योंगझंग बादशहाच्या हस्ताक्षरातला शेरा छापलेला पंखा मिळायचा, "मी हा असाच गडी आहे". कागदपत्रांवर मारलेला खरा शेरा आहे तो. माझ्या मुलाने बाबांना वाढदिवसाला दिला.

चकली_सम्राट
"मी हा असाच गडी आहे" हसून हसून पुरेवाट. कोल्हापुरात खपतील हे पंखे.

रंकाळ्याचा_वारा
कोल्हापुरात पंखा लागत न्हाई भावा, रंकाळा हाय. पण शिक्का मारल्याला पंखा पायजे मला, किती पडंल?

जुनी_दप्तरं
गजकर्ण यांच्या "कला नंतर चिकटवली" याला माझा ठाम आक्षेप. इसवी सन ६४४, थांग घराण्याचा सम्राट थाय्झोंग. पाचव्या महिन्याच्या पंचमीला एकमेकांना वापरायच्या वस्तू भेट द्यायची रीत होती. त्याने "उडतं पांढरं" नावाच्या शैलीत, म्हणजे ब्रश कोरडा ठेवून मध्ये पांढऱ्या रेघा सुटतील अशा हाताने, पंख्यांवर अक्षरं लिहिली आणि दोन बड्या मंत्र्यांना प्रत्येकी दोन-दोन पंखे दिले. सोबत म्हणाला की यांनी निर्मळ वारा हलो आणि तुमच्या सद्गुणात भर पडो. आता राजाने स्वतःच्या हाताने लिहिलेली वस्तू रोज हातात धरून दरबारात जायचं, यात मान आहेच, पण तो मान अक्षरातूनच येतोय ना? कोरा पंखा दिला असता तर कुणी नोंद ठेवली असती?

त्याच्याही आधीची गोष्ट वांग शीझीची, चौथं शतक. चिनी सुलेखनाचा भीष्माचार्य म्हणा. शाओशिंगला एक म्हातारी बांबूचे षटकोनी पंखे विकत बसलेली. यांनी विचारलं न विचारलं आणि प्रत्येक पंख्यावर पाच-पाच अक्षरं लिहून टाकली. म्हातारी चिडली, माल खराब केला म्हणून! हे म्हणाले, वांगचं अक्षर आहे एवढं सांग आणि शंभर नाणी माग. लोकांच्या उड्या पडल्या. मग म्हातारी आणखी पंखे घेऊन परत आली, तेव्हा हे नुसते हसले, लिहिलं नाही. पंखा लिहिण्याचा पूल म्हणून एक पूल शाओशिंगमध्ये अजून दाखवतात.

आणि एक गैरसमज. घडीचा पंखा मुळात चीनचा नाहीच. चीनचा जुना पंखा म्हणजे गोल, चौकटीवर रेशीम ताणलेला. घडीचा आला जपानकडून आणि कोरियाकडून. ९८८ साली एका जपानी भिक्षूने चीनच्या सोंग दरबाराला पाठवलेल्या भेटींमध्ये "वटवाघूळ पंखे" असल्याची नोंद आहे. तो सर्रास झाला मिंग काळात, म्हणजे पुढची चार-पाचशे वर्षं गेल्यावर.

तिरकस_गजकर्ण
दप्तरसाहेब, धन्यवाद, तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात. म्हातारीच्या पंख्यावर तेच अक्षर दुसऱ्या कुणी काढलं असतं तर शंभर नाणी मिळाली असती का? नाव विकलं गेलं, अक्षर नाही.

आणि हे ऐका. झंग बानच्याओ, यांगझोउचा चित्रकार, १७५९ साली त्याने स्वतःचं रेटकार्डच लिहून टाकलं. मोठा पट ६ तोळे चांदी, मधला ४, छोटा २, पंखा अर्धा तोळा. (तोळा म्हणजे त्यांचं वजन, आपला नव्हे.) वर लिहिलंय की खाऊ-भेटवस्तू आणण्यापेक्षा चांदी आणलेली बरी. मला हा माणूस आवडतो. तुमचे सूझोउचे बाबा पंख्यामागे अर्धा तोळा चांदी सोडून बसले.

शाईचा_डाग
गजकर्णा, रेटकार्डात पंखा सगळ्यात स्वस्त ओळीत आहे हे तुमच्या लक्षात आलं का? हीच तर गंमत. छी बायशी, ज्याची चित्रं आज कोट्यवधींना जातात, तो पन्नाशी ओलांडून बीजिंगला राहायला आला तेव्हा पंख्याचे दोन चांदीचे डॉलर घ्यायचा, इतरांच्या निम्मे, तरी गिऱ्हाईक नाही, असं त्यानेच सांगून ठेवलंय. मग १९२२ साली मित्राने त्याची चित्रं टोकियोच्या प्रदर्शनात नेली, तिथे झटपट विकली गेली आणि मग बीजिंगवाल्यांना जाग आली. म्हणजे पंखा हा गरिबाला परवडणारा कागद आणि चित्रकाराला सहज देता येणारा कागद. मोठा पट कुणी जाता जाता लिहून देत नाही. पंखा देतात.

आणि नाव विकलं गेलं हे अर्धंच खरं. अकराव्या शतकातला कवी सू शी हांगझोउला अधिकारी होता तेव्हा वीस हजार नाणी थकवली म्हणून एका माणसाला त्याच्यापुढे उभा केला. घरचा धंदा पंख्यांचा, बाप नुकताच गेलेला, आणि वसंतापासून पाऊस आणि गारठा, पंखे घेतंय कोण. सू शीने त्याला वीस पंखे आणायला सांगितले, कचेरीतल्याच ब्रशने कुठे ओळी, कुठे वाळकी झाडं, बांबू, दगड काढून दिले. बाहेर पडल्या पडल्या हजाराला एक गेला. वीस गुणिले हजार, हिशोब चुकता. दंतकथा असेल थोडी, पण कर्जाचा निकाल पंख्यावर लिहून देणारा मॅजिस्ट्रेट मला कुठेच भेटलेला नाही.

रंकाळ्याचा_वारा
आमच्या सोसायटीच्या चेअरमनला दावा कुनीतरी ही गोष्ट.

ओसरीवरची_मावशी
सगळा पुरुषांचाच कारभार चाललाय म्हणून लिहिते. पंख्याच्या नादात बायकांची एक फार जुनी गोष्ट राहून जाते. हान काळातली बान जिएयू, सम्राटाची आवडती, मग दुसरी आली आणि ही मागे पडली. तिच्या नावावर एक कविता आहे, गोल पांढऱ्या रेशमी पंख्यावर. चंद्रासारखा पंखा, धन्याच्या बाहीत राहणारा, आणि भीती एकच, शरदाचा वारा आला की पेटीत टाकून देतील. तेव्हापासून "शरदातला पंखा" म्हणजे टाकलेली बाई. कविता खरंच तिची की नंतर कुणी लिहिली यावर वाद आहेत, पण दोन हजार वर्षं बायकांच्या हातातला प्रत्येक पंखा हे ओझं घेऊन हलतोय. मला तर उन्हाळा संपला की कूलर झाकताना आठवते ती.

पण बायका नुसत्या पंख्याची उपमा होऊन बसल्या असं नाही. नानजिंगची मा शोउझन, सोळाव्या शतकातली, कलावंतीण होती, तिने रंगवलेले ऑर्किडचे पंखे आज म्युझियममध्ये जपलेत. कविता स्वतःच्या, अक्षर स्वतःचं. लग्नाच्या बाजारात तिला जागा नव्हती पण विद्वानांच्या बाहीत तिचा पंखा होता. गजकर्ण, याला काय म्हणाल, टाय?

तिरकस_गजकर्ण
मावशी, तुमच्यापुढे आपण पंखा मिटून बसतो.

भर_दुपारी
अवांतर: आमच्या वॉर्डात निवडणुकीच्या आधी पुठ्ठ्याचे पंखे वाटतात, एका बाजूला भावी नगरसेवक हात जोडून, दुसऱ्या बाजूला आरत्या. सप्ताहात सगळा मंडप त्या चेहऱ्याने वारा घेत असतो. सोशल सिम्बॉल म्हणजे तेच ना? आजी म्हणायची याच्याकडून मिळालेली एवढीच हवा.

जुनी_दप्तरं
अवांतराला अवांतर: आपल्याकडे वाऱ्याची वस्तू मानाची व्हायला लिखाण लागलंच नाही. चवरी, मोरचेल. फरक असा की आपल्याकडे दुसरा माणूस तुमच्यावर ढाळतो, आणि ढाळणारा आहे यातच मोठेपणा. चिनी पंडित मात्र स्वतःच्या हाताने हलवतो, बाहीत ठेवतो, मित्र आला की उघडून दाखवतो. त्यांच्याकडे याला छातीशी आणि बाहीत बाळगायची देखणी चीज असंच म्हणतात. पंख्याला "विंझणा" हा किती सुंदर शब्द होता आपला, गेला.

लेकुरवाळी_हांगझोउ
गजकर्ण शांत झालेत तर त्यांच्या बाजूने मीच एक सांगते, कारण ते अगदीच चूक नाहीत. "लाल महालाचं स्वप्न" ही अठराव्या शतकातली कादंबरी इथे शाळेपासून सगळ्यांना माहीत असते. त्यात एक फटिंग माणूस आहे, लोक त्याला "दगडखुळा" म्हणतात, घरात दोन वेळचं खायला नाही पण जुने वीस पंखे आहेत. काड्या दुर्मीळ ठिपक्यांच्या बांबूच्या, कागदावर जुन्या नामवंतांची अक्षरं-चित्रं. एका बड्या सरदाराला ते हवे होतात. हा म्हणतो उपाशी मरेन, एकाला हजार तोळे दिलेत तरी विकणार नाही, पंखे हवेत तर आधी माझा जीव घ्या. मग सरदाराची मर्जी राखायला एक अधिकारी काय करतो, तर या माणसाने सरकारी पैसे थकवलेत असा आळ घेतो, जप्ती आणतो आणि पंखे "सरकारी भावाने" सरदाराकडे पोचवतो. सरदाराचा स्वतःचा मुलगा म्हणतो की एवढ्याशा गोष्टीसाठी माणसाला देशोधडीला लावण्यात कसला पराक्रम, तर बाप त्यालाच बडवतो.

चकली_सम्राट
लाल महाल? मग पंखे गेले म्हणजे स्वस्तात सुटला की. बोटं शाबूत राहिली.

तिरकस_गजकर्ण
सू शी पंखे लिहून कर्ज फेडून देतो आणि हा अधिकारी कर्ज बनवून पंखे नेतो. बघा, मी म्हणतो ते काय वेगळं आहे. (सम्राट, +१)

कसर_लागली
आता मूळ प्रश्नावर या हो, फ्रेमच्या. माझा अनुभव ऐका आणि माझ्यावरून शहाणे व्हा. २०११ मध्ये माझ्या मेव्हण्याने नानजिंगहून असाच पंखा आणला होता, हाताने लिहिलेला. मी हौसेने घराजवळच्या एका फ्रेमवाल्याकडे दिला. चार दिवसांनी घ्यायला गेलो तर त्याने पंखा पूर्ण ताणून, हार्डबोर्डवर फेविकॉलने, लक्षात घ्या फेविकॉलने, काड्यांसकट चिकटवून टाकला होता, आणि कमान "वाकडी दिसत होती" म्हणून कडेची एक घडी कापून सरळ केली होती. त्या घडीवर शिक्का होता. वर मला म्हणतो, साहेब, तो लाल डाग पण काढला. त्यानंतरच्या दोन पावसाळ्यांत काचेला आतून बाष्प, मग बुरशी, मग कसर. आता फक्त फ्रेम उरलीय, तीत मुलीचं दहावीचं सर्टिफिकेट आहे.

शाईचा_डाग
"लाल डाग काढला" वाचून मी दोन मिनिटं गप्प बसलो. आमच्यात याला श्रद्धांजली म्हणतात.

आता नीट सांगतो. फ्रेम करणं हे परंपरेविरुद्ध आहे असं समजू नका. चिनी लोक स्वतःच हे करत आलेत. वन झंगमिंग, थांग यिन या सूझोउच्या जुन्या चित्रकार मंडळींचे पंखे वापरून काड्या मोडल्या की संग्राहक कागद सोडवायचे, सपाट करून वहीत चिकटवायचे. म्युझियममध्ये जे अर्धगोल कागद दिसतात, ज्यांच्यावर किरणांसारख्या घडीच्या खुणा असतात, ते सगळे पूर्वी कुणाच्या तरी हातात हललेले पंखे आहेत. पण ते काम जाणकाराचं, पाण्याचा हात असतो त्यात, आणि आजकालच्या बाटलीतल्या शाईने लिहिलं असेल तर पाणी लागल्यावर शाई पसरू शकते. तुमचा पंखा धडधाकट आहे, काड्या काढू नका.

लावायचाच तर खोल पेटीची फ्रेम, आत आम्लविरहित पुठ्ठा, गोंद कुठेही नाही, कागदाच्या पट्ट्यांवर टेकवलेला, काच कागदाला टेकता कामा नये, आणि बाहेरच्या भिंतीवर नाही, पावसाळ्यात ओल येते. उन्हात नाही. काळ्या शाईला ऊन सहसा काही करत नाही, कागद पिवळा पडतो आणि शिक्क्याचा लाल रंग काळवंडू शकतो. नाहीतर सरळ मिटून सुती पिशवीत ठेवा आणि अधूनमधून उघडा. वर्षानुवर्षं मिटून ठेवला तर घडीवर तडकतो, सतत उघडा ठेवला तर घडी मरते.

कुलाब्याची_खिडकी
म्युझियमवरून आठवलं. चिनी कलावस्तू बघायच्या तर आपल्या मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातल्या आहेत, पोर्सेलिन, जेड वगैरे. मुंबईचे पारशी व्यापारी चीनमधल्या कँटनला जायचे त्या काळापासून हा राबता आहे, गारा साडीवरची चिनी फुलं तिथूनच आली. पण व्यापारात बाहेर जायचे ते पंखे म्हणजे निर्यातीचं नक्षीकाम. परदेशी गिऱ्हाइकाला हस्तिदंताची जाळी, पॅगोडे, पक्षी हवे होते. वाचता न येणारं अक्षर कोण विकत घेणार? अक्षर लिहिलेला पंखा ते आपल्या माणसाला द्यायचे.

चाकण_रिटर्न
बापरे, दोन दिवस ऑडिटमध्ये होतो, इकडे महाभारत झालंय. सगळ्यांचे आभार. भिंगाने बघितलं, ठिपके नाहीत, शाई कमीजास्त आहे, दुसऱ्या अक्षराची तिरकी रेघ घडीवर तुटलीय. फोटो टाकलेत. आईला पंखा मागितला तर म्हणाली, फोटो काढून लगेच परत दे.

लेकुरवाळी_हांगझोउ
वाचला! शेजारच्या आजोबांनाही दाखवला, खात्री करून सांगते.

मोठी चार अक्षरं, उजवीकडून: छिंग फंग श्यू लाय. "निर्मळ वारा हळूहळू येतो." सू शीच्या लाल कड्याच्या लेखातले शब्द आहेत, वरच्या वीस पंखेवाल्याच सू शीच्या. पंख्यावर हेच शब्द इथे हजार ठिकाणी दिसतात, म्हणजे आपल्याकडे रिक्षामागे "आई-वडिलांचा आशीर्वाद" असतो तितके. त्यामुळे वेगळं काही लिहिलंय म्हणून हुरळू नका. हुरळायचं ते बारीक ओळींवर.

पहिल्या ओळीत तुमचं नाव चिनी उच्चारात बसवलंय, मग "श्याओ-योउ", म्हणजे छोटा मित्र. म्हाताऱ्या माणसाने तरुणाला बरोबरीचं मानून म्हणायचा शब्द आहे. मग "या-जंग". हीच तुमची "दुरुस्ती"! शब्दशः "आपण रसिकतेने सुधारून घ्यावं", म्हणजे माझं अक्षर कच्चं आहे, चुका तुम्हीच सांगा. घेणाऱ्याला दिलेला मान आहे तो, मोठमोठे लोक लिहितात. दुसऱ्या ओळीत "जिया-छन वर्ष, उन्हाळा", म्हणजे २०२४. मग त्यांची सही आणि "वय ७१".

आणि एक. घेणाऱ्याचं नाव घातलं की तो पंखा बाजारातून उठला. दुसऱ्याचं नाव असलेला पंखा हातात घेऊन कोण मिरवणार? किंमत विचारत होतात ना.

तिरकस_गजकर्ण
म्हणजे बाबांनी मुद्दाम रिसेल व्हॅल्यू मारली. हुशार माणूस.

ओसरीवरची_मावशी
गजकर्ण, आता मिटलेलाच राहू दे तो पंखा.

चाकण_रिटर्न
काय लिहू कळत नाहीये. तीन वर्षांत त्यांनी मला नावाने हाक कधी मारलीच नाही, "ए इंडिया" म्हणायचे. नाव माहीत होतं म्हणायचं.

फ्रेमचा बेत रद्द. बायकोलाच वाचून दाखवलं, ती म्हणाली आईंकडेच राहू दे, फक्त आंब्याच्या हाताने धरू नका म्हणावं. आता प्रश्न असा की उलट काय पाठवू? मागची बाजू कोरी आहे, त्यावर काही लिहून परत पाठवायची पद्धत आहे का?

शाईचा_डाग
या पंख्याला हात लावायचा नाही!! एका बाजूला एकाचं अक्षर आणि दुसरीकडे दुसऱ्याचं चित्र ही पद्धत आहे खरी, पण तो दुसरा हात तुमचा नाही आणि माझाही नाही.

नवा कोरा पंखा घ्या, मी लिहून देतो, देवनागरीत. पैसे नकोत, खाऊ चालेल, मी झंग बानच्याओ नाही. काल रात्री एकावर करून बघितलं आणि एक घोळ कळला. चिनी अक्षर आपापल्या चौकोनात एकटं उभं राहतं, कमानीवर कुठेही ठेवा. आपली अक्षरं शिरोरेषेला लटकतात. रेष सरळ मारली की पंख्याच्या बाहेर पळते, कमानीबरोबर वळवली की प्रत्येक घडीवर तुटते. शेवटी शब्दागणिक रेष तोडली, कमानीला समांतर, आणि ते बरं दिसतंय. तोरणासारखं. मजकूर सांगा, लहान हवा.

चकली_सम्राट
"मी हा असाच गडी आहे."

भर_दुपारी
"आपला विश्वासू, भावी नगरसेवक."

रंकाळ्याचा_वारा
"येवा कोल्हापूर आपलंच हाय." नायतर "वारा खावा, जळू नगा".

चाकण_रिटर्न
आईला विचारलं. पंखा हलवत म्हणाली, त्यात काय विचारायचं, लिही की "उन्हाचं जपून राहा".

शाईचा_डाग
घेतला. "उन्हाचं" मधला न्ह बरोबर घडीवर येतोय. आणखी दोन कोरे पंखे घेऊन ठेवा, पहिला वाया जाणार.